एल बोर्डच्या गाडीत

नवशिक्याला गाडी शिकवणं सोपं. ज्याला गाडी येते त्याला शिकवणं म्हणजे डोकेदुखी. त्या दिवशी असेच एक गृहस्थ आले. ऑफिसची गाडी चालवताना वाद घातल्याच्या तक्रारी गेल्या होत्या, म्हणून साहेबांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये परत पाठवलेलं. चेहरा बघताच ओळख पटली. गावाहून नवे नवे शहरात आले तेव्हा माझ्याकडेच शिकले होते. तेव्हा चौकात सगळ्यांना जाऊ देत बसायचे, मीच ओरडायचो, "अहो, आता तरी निघा!"

आताही दारात मला बघून बाजूला झाले. "सर, आधी तुम्ही."

स्टिअरिंगमागे बसले आणि माणूसच बदलला. हात सफाईदार, त्यात शंका नाही. पण अंगठा कायम हॉर्नवर. सिग्नल लाल असताना हाफ क्लचवर गाडी इंच इंच पुढे सरकतेय. नजर आपल्या सिग्नलवर नाहीच, आडव्या रस्त्याच्या सिग्नलवर. तिकडे पिवळा पडला की इकडे पहिला गिअर. पुढच्या गाडीची नंबरप्लेट आमच्या बॉनेटआड गेलेली. माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर.

मी म्हटलं, "मनात येईल ते मोठ्याने बोला."

"हा बघा, झोपलाय. हा नक्की फोनवर असणार. याला लायसन्स कोणी दिलं?" प्रत्येकाचा निकाल तयार. मग स्वतः न बघता लेन बदलली आणि लगेच खुलासा : "पुढे वळायचंय ना, सर." हे त्यांचंच असं नाही. दुसऱ्याने केलं तर त्याचा स्वभाव, आपण केलं तर आपली अडचण. गावात समोरची गाडी कोणाची ते माहीत असतं; इथे दिसतो तो फक्त टेल लाइट, मग बाकीचा माणूस आपणच मनाने रंगवतो.

"पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवा," मी म्हटलं. ताशी ४० किलोमीटरला ते साधारण २२ मीटर होतं.

"इतकी जागा सोडली की कोणीतरी घुसतोच."

बरोबर आहे. संयमाचे धडे देणारे हे कधी बोलत नाहीत. शहरात जागा सोडणाऱ्याची जागा रोज कोणीतरी खातं, आणि माणूस हळूहळू पुढच्याला चिकटायला शिकतो. पण हिशेब करून बघा. एक जण घुसला, आपण पुन्हा अंतर घेतलं, तर दोनेक सेकंद गेले. दहा जण घुसले तरी अर्धं मिनिट नाही. उलट चिकटून चालवलं की पुढच्याने जरा पाय उचलला तरी आपल्याला ब्रेक दाबावा लागतो, मागच्याला त्याहून जोरात. जपानी संशोधकांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या एकाच वेगाने चालवायला सांगितल्या होत्या. सिग्नल नाही, अडथळा नाही, तरी थोड्या वेळात गाड्या तुंबल्या. त्याचा शोधनिबंध २००८ साली आला.

हे सांगत होतो तेवढ्यात सिग्नल सुटला आणि गाडी बंद पडली. आमच्या गाडीचा क्लच कडक, त्यांच्या पायाला सवय नाही. क्षणात मागून हॉर्नचा गिल्ला. एकाने काच खाली केली, "आधी शिकून या!" गृहस्थ लालबुंद. "अहो, किती वर्षं चालवतोय मी!" ऐकतंय कोण? टपावर लाल एल.

अमेरिकेत १९६८ साली डूब आणि ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी सिग्नल सुटल्यावरही मुद्दाम गाडी उभी ठेवून मागचे काय करतात ते पाहिलं. पुढे भारी गाडी असली की लोक कमी हॉर्न वाजवत, जुनाट असली की जास्त. म्हणजे ऐपत बघून संयम. मग एलला कोण सोडणार?

"सर, तो बोर्ड काढता येईल का?"

"नाही."

रिपोर्टमध्ये मी लिहिलं : हात चांगला, अंतर कमी, आणखी एक फेरी हवी. ते म्हणाले, "पहाटे येऊ? रस्ता मोकळा असतो."

मी त्यांना संध्याकाळी साडेसहाची वेळ दिली.