ग्रिमांच्या धाकट्या भावाच्या शोधात : श्टाइनाउ ते कासेल

ग्रिम बंधू म्हटले की याकोब आणि विल्हेल्म ही दोनच नावे आठवतात. परंतु पाच भावांतील सर्वांत धाकटा लुडविग एमिल (१७९०–१८६३) हा तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरणारा कलावंत होता, आणि जर्मनीच्या हेसन राज्यातील माझा हा प्रवास केवळ त्याच्यासाठी होता.

त्याचे जन्मगाव हानाउ. तेथील बाजारचौकात १८९६ सालचे भव्य स्मारक आहे, पण ते थोरल्या दोघांचेच; त्यामुळे तेथे अर्ध्या तासाहून अधिक वेळ घालवू नये. फ्रांकफुर्ट–फुल्डा मार्गावरील श्टाइनाउ या लहान गावासाठी मात्र अर्धा दिवस राखून ठेवावा. वडिलांची तेथे सरकारी अधिकारी म्हणून नेमणूक झाल्याने १७९१ मध्ये हे कुटुंब तेथे आले, आणि १७९६ मध्ये वडील वारल्यावर त्यांना ते सरकारी घर सोडावे लागले. १५६२ मध्ये बांधलेल्या त्या घरात आता संग्रहालय आहे. रेल्वेस्थानकावरून जुन्या गावात चालत जाता येते.

कासेलला मी सोमवारी पोहोचलो, हा सर्वस्वी माझाच गाढवपणा. ‘ग्रिमवेल्ट’ हे संग्रहालय त्या दिवशी बंद असते. दुसऱ्या दिवशी तेथे बंधूंच्या स्वतःच्या टिपणांनी भरलेल्या परीकथांच्या प्रती पाहिल्या, आणि लुडविगचे काम समजून घेण्यासाठी त्यांचा संदर्भ किती आवश्यक आहे, हे ध्यानात आले. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत चित्रे नव्हती. म्युनिकमध्ये कार्ल हेस यांच्याकडे ताम्रकोरणी शिकलेल्या लुडविगने १८१९ च्या आवृत्तीसाठी कथा सांगणाऱ्या डोरोथेआ फीमान या वृद्धेचे व्यक्तिचित्र दिले, आणि १८२५ च्या निवडक पन्नास कथांच्या लहान आवृत्तीसाठी सात चित्रे काढली. त्यांत सिंड्रेला, हिमगौरी व लाल टोपीवाली मुलगी आहेत. मला स्वतःला परीकथांच्या चित्रांपेक्षा फीमानबाईंचा सुरकुतलेला, शांत चेहरा अधिक भावला.

एचिंग, म्हणजे आम्लाने तांब्याचा पत्रा कोरण्याच्या पद्धतीत, पत्र्यावर मेणाचा पातळ थर देऊन त्यावर सुईने रेषा ओढतात. मग आम्ल उघड्या पडलेल्या तांब्यातच खोल जाते. त्या रेषांत शाई भरून, पत्र्याचा पृष्ठभाग पुसून, ओलसर कागदासह तो रुळांच्या दाबाखालून काढतात. म्हणूनच अस्सल छापावर, कडा कापलेल्या नसल्यास, चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन दिसतो. पुष्कळ प्रती काढल्या की रेषा झिजतात, त्यामुळे उशिराच्या छापांत सावल्या फिकट पडतात. हे सारे पाहायचे असेल तर खिशात लहानसे भिंग हवेच, कारण चित्रे बहुधा तळहाताएवढीच असतात.

प्रवासासाठी ‘हेसनतिकीट’ हे दिवसभराचे तिकीट सोयीचे आहे. पाच जणांपर्यंतच्या गटाला ते एकत्र चालते, परंतु सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच, आणि जलद आयसीई गाड्यांत मुळीच नाही. फुल्डाहून कासेलला जाताना त्यामुळे बराच जास्त वेळ धरावा लागतो. भिंतीवर न लावलेले छाप पाहायचे असतील तर चित्रसंग्रहाच्या अभ्यासिकेत काही आठवडे आधी ईमेलने वेळ मागून घ्यावी, कोणती चित्रे हवीत ते नेमके कळवावे आणि सोबत पेन्सिल न्यावी. शाईचे पेन अशा ठिकाणी चालत नाही.