घरकुल कुठे अडतं : आबादी, दोनशे मीटर आणि झुडपी

घरकुलाच्या यादीत नाव आलं की गावात हप्त्याची चर्चा सुरू होते. पण विदर्भातल्या खेड्यात घर पैशापेक्षा जास्त वेळा अडतं ते जागेपुढे लिहिलेल्या एका शब्दामुळे. आबादी (म्हणजे गावठाण), शेत, ई-क्लास, झुडपी जंगल. यातला कुठला शब्द कागदावर आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं. गेल्या दहा वर्षांत शासनाने परवानग्या खरोखरच सोप्या केल्या, त्याबद्दल कुरकुर करायचं कारण नाही. फक्त प्रत्येक सवलत जागेचा कागद स्वच्छ आहे असं धरून चालते, आणि आपल्याकडे नेमका तोच नसतो. म्हणून पाया खणायच्या आधी काय बघायचं ते इथे लिहितो.

सुरुवात ग्रामपंचायतीपासून. तिथे मिळतो तो नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. तलाठ्याकडे (आता म्हणायचं ग्राम महसूल अधिकारी, पाटी बदलली, रांग तीच) मिळतो तो आठ-अ, म्हणजे एका खातेदाराच्या सगळ्या शेतजमिनीचा गोषवारा. लोक दोन्हींना 'आठ' म्हणतात आणि अर्जाला भलताच जोडतात. नमुना ८ वर नाव असणं म्हणजे घरटॅक्स तुमच्याकडून घेतात, एवढंच. त्यावरून मालकी ठरत नाही. अतिक्रमणातल्या घरालाही टॅक्स लागतो आणि तसा शेरा शेवटच्या रकान्यात असतो. झेरॉक्स काढताना नेमका तोच रकाना कडेला कापला जातो, म्हणून मूळ नोंदवही उघडून बघा.

मालकीचा कागद म्हणजे आखीव पत्रिका किंवा सनद. आपल्याकडच्या बहुतेक खेड्यांत आबादीची घरनिहाय मोजणी कधी झालीच नव्हती. संपूर्ण आबादीला एक हद्द, आत कुणाचं काय ते तोंडी. ते काम २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने हाती घेतलं. गावात आधी ग्रामसभा होते, मग प्रत्येकाने आपली हद्द चुन्याने आखायची, मग ड्रोन उडतं, नकाशा तयार होतो, भूमी अभिलेखचा माणूस नकाशा घेऊन घरोघरी फिरतो, चौकशी होते, हरकती ऐकल्या जातात आणि फी भरून सनद मिळते.

या सगळ्यात सगळ्यात स्वस्त गोष्ट चुना, आणि सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच. ड्रोनला छप्पर दिसतं, हद्द दिसत नाही. घरामागचा परस, गोठा, तणसाची जागा, न्हाणीचं पाणी जातं ती पट्टी हे सगळं तुमचं असेल तर त्याच्या कडेने रेघ हवी. ज्याने फक्त घराच्या भिंतीलगत चुना टाकला त्याच्या नकाशात फक्त घर येतं आणि परस सार्वजनिक मोकळी जागा होऊन बसतो. दोन घरांमधल्या सामाईक भिंतीवर रेघ मधोमध ओढायची की एका बाजूने, हे ड्रोन यायच्या आधी शेजाऱ्याशी बोलून ठरवा. वळचणीचं पाणी ज्या दीड-दोन फुटांत पडतं ती जागा कुणाची, हा वाद तर पिढ्यान्‌पिढ्या चालतो. चौकशीच्या टप्प्यावर तो मांडला तर नोंदीत तरी येतो. सनद हातात पडल्यावर अपिलाशिवाय मार्ग नाही. नावांचंही तसंच. आजोबा वारून वीस वर्षं झालेली असतात आणि चौकशीला थोरला भाऊ एकटाच हजर राहतो. विधवा आई, बहिणी, पुण्याला गेलेला धाकटा, सगळ्या वारसांची यादी त्याच दिवशी द्यायला हवी.

आता आबादीच्या बाहेर. शेतात घर बांधायचं तर पूर्वी अकृषक परवानगीसाठी चपला झिजायच्या. २०१७ मध्ये जमीन महसूल संहितेत कलम ४२-ड आलं आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, रूपांतर कर आणि अकृषक आकारणी भरली की, निवासी वापरासाठी रूपांतरित झाली असं मानायची सोय झाली. नंतरच्या सुधारणांचा कलही तोच आहे : परवानगी कमी, पैसे भरून नोंद जास्त. पण हे २०० मीटर मोजायचे कुठून? शेवटच्या घरापासून नाही. गावनकाशावर आबादीची जी हद्द आहे तिथून. गाव त्या रेषेच्या बाहेर अर्धा किलोमीटर वाढलेलं असेल तरी रेष जिथल्या तिथेच असते. कलम १२२ खाली जिल्हाधिकाऱ्यांनी गावाची जागा नव्याने ठरवली असेल तरच ती सरकते. शेवटच्या घराच्या भिंतीपासून टेप लावून प्लॉट घेणारे इथेच फसतात.

जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल, म्हणजे वाटपाची, सिलिंगची वगैरे, तर आधी नजराणा (सरकारला भरायची रक्कम) आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी, मग बाकीचं. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने घ्यायची तर कलम ३६-अ आडवं येतं. गडचिरोली, यवतमाळकडे हे न बघता इसार करणारे अजूनही आहेत, तो पैसा गेलाच समजायचं.

मग तुकडेबंदी. शेताचे फार लहान तुकडे पाडायला बंदी घालणारा १९४७ चा कायदा आहे. ऑगस्ट २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र, त्याहून लहान तो तुकडा. अकोला जिल्हा त्या अधिसूचनेत नाही, तिथल्या लोकांनी आपला आकडा तहसीलमध्ये विचारावा. घरासाठी वीस गुंठे कोण घेणार? लोक घेतात हजार फूट, तेही शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून. अशा कागदावर सातबाऱ्याला नाव लागत नाही आणि त्यावर घरकुलही उभं राहत नाही. यावर मार्च २०२४ मध्ये नियमात चांगली दुरुस्ती झाली. विहीर, शेतरस्ता, संपादनानंतर उरलेला तुकडा आणि ग्रामीण घरकुल, या चार कारणांसाठी प्रमाणभूतापेक्षा कमी क्षेत्राची खरेदी जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने होते. घरकुलासाठी मर्यादा प्रति लाभार्थी १,००० चौरस फूट.

इथे एककाचा घोळ सांभाळा. १,००० चौरस फूट म्हणजे ९२.९ चौरस मीटर, एक आरसुद्धा भरत नाही. एक आर १,०७६ चौरस फुटांचा आणि गुंठा १,०८९ चा. अर्जात सवयीने 'एक गुंठा' लिहिलं की मर्यादा ८९ फुटांनी ओलांडली आणि फाईल परत. मंजुरीची मुदत सुरुवातीला एक वर्षाची असते, तेव्हा विकणाऱ्याशी भाव ठरवून, मोजणीचा अर्ज टाकून मगच मंजुरी मागावी. मोजणीची फी डिसेंबर २०२४ पासून ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमितला २,००० आणि द्रुतगतीला ८,००० रुपये. ज्याच्याकडे जागाच नाही त्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला आता एक लाख मिळतात. आधी पन्नास हजार मिळायचे. रस्त्यालगतच्या गावात तेवढ्यात काही येत नाही, आतल्या गावात येतं.

प्लॉटपर्यंत बैलबंडी जाते म्हणून रस्ता आहे असं समजू नका. पांधण नकाशावर आहे का ते बघा. मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्ता तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्कात' घ्यावी असं ठरलं आहे. नोंद नसेल तर शेजारी कुंपण घालतो आणि गिट्टीचा ट्रॅक्टर बाहेरच उभा राहतो.

सरकारी जमिनीवरच्या घरांचा प्रश्न वेगळा, आणि इथे गावपुढाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये. अमरावती विभागात ई-क्लास म्हणतात ती, किंवा गायरान, गुरं चारायची सामाईक जमीन. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली आणि त्याच वर्षी जुलैत राज्याने तसा निर्णय काढला. 'पट्टे मिळणार' हे निवडणुकीत ऐकायला मिळतं. जागा गायरान असेल तर त्या भरवशावर पक्कं बांधकाम करणं म्हणजे जुगार.

पूर्व विदर्भात याहून अवघड शब्द आहे झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी साधारण ८६ हजार हेक्टर जमीन नोंदलेली आहे. हा भाग १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात (आधीच्या मध्यप्रांतात) होता, तिथल्या नोंदीतून हा शब्द आपल्याकडे आला. प्रत्यक्षात झुडूपही नाही अशा गटांवर शाळा, स्मशान, वस्ती सगळं आहे. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : ही जमीन वनच समजायची, पण १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जागांसाठी राज्याने १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी घ्यायची, आणि त्यासाठी पर्यायी वनीकरण करायची वा निव्वळ वर्तमान मूल्य (गेलेल्या वनाच्या किमतीपोटीची रक्कम) भरायची गरज नाही. त्या तारखेनंतरच्या वाटपाला मात्र कारणं द्यावी लागतील आणि वाटप करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावंही.

म्हणजे झुडपीच्या गटात घर असलेल्याच्या दृष्टीने सगळा खेळ एका तारखेचा आहे. वाटपाचा आदेश घरातल्या पेटीत असेल तर त्यावरची तारीख बघा. नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गट क्रमांक, वडिलांचं किंवा आजोबांचं नाव आणि अंदाजे वर्ष देऊन नकलेचा अर्ज करा. घरटॅक्सची जुनी पावती ताबा दाखवते, आदेशाची जागा घेत नाही. तारीख १२ डिसेंबर १९९६ नंतरची निघाली तर घरकुलासाठी दुसरी जागा शोधलेली बरी, कारण पायाचा हप्ता उचलल्यावर काम थांबलं तर वसुलीची नोटीस लाभार्थ्यालाच येते.

जागा सुटली की बांधकाम परवानगी त्यामानाने सोपी. २०२१ पासून खेड्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला मालकीचा कागद, नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत दिला की काम सुरू करता येतं. १५० ते ३०० मीटरला विकास शुल्क भरून ग्रामपंचायतीचं प्रमाणपत्र घ्यायचं, नगररचनेकडे जायचं नाही. यात जबाबदारी अभियंत्याच्या सहीवर आली आहे. तालुक्याच्या झेरॉक्स सेंटरवर जागा न बघता सही मिळते, ती घेऊ नका. सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) चुकलं तर शेजारी तक्रार करतो आणि सही करणारा फोन उचलत नाही.

आता प्रत्यक्ष घर. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) किमान २५ चौरस मीटर, म्हणजे १५ बाय १८ फूट धरा. १ लाख २० हजार अनुदान, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी (२०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने २८,०८० होते), शौचालयाचे १२ हजार, आणि टप्पा २ मध्ये राज्याची ५० हजारांची भर, ज्यातले १५ हजार छतावरच्या सोलरसाठी. पहिला जिओ-टॅग फोटो (ज्यात जागेचं ठिकाण नोंदलं जातं) जिथे काढला तिथेच पाया आला पाहिजे. वास्तू बघून घर वीस फूट सरकवलं की पुढचा फोटो जुळत नाही आणि हप्ता लटकतो.

भारी काळ्या मातीत पाया मुरूम लागेपर्यंत न्यायचा. मे महिन्यात माती आकसून भेगाळलेली असते, तेव्हा अडीच फुटांवरही ती दगडासारखी वाटते. जुलैत तीच फुगते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते. मुरूम फार खोल असेल तर चरातली काळी माती काढून टाकायची, सहा-सहा इंचांच्या थराने मुरूम भरायचा, प्रत्येक थराला पाणी मारून धुमसायचं आणि वर प्लिंथ बीम टाकायचा. चरातून निघालेली काळी माती जोत्यात भरणं ही सगळ्यात नेहमीची चूक, कारण ती फुकट समोरच पडलेली असते. फरशी वर्षभरात उचलली जाते. घराभोवती तीन फुटांची पट्टी बाहेरच्या बाजूला उताराने करा, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरत नाही.

रेती २०२५ च्या धोरणानुसार घरकुलाला पाच ब्रास मोफत आहे, वाहतूक आपली. पाच ब्रास म्हणजे ५०० घनफूट. १५ बाय १८ च्या घराला जुडाई, स्लॅब आणि छपाई धरून साधारण चारशे घनफूट लागते, तेव्हा पुरते. पोरगा म्हणाला म्हणून पुढे एक खोली वाढवली की छपाईच्या वेळी रेती संपलेली असते. १० जून ते ३० सप्टेंबर घाटावरचा उपसा बंद, म्हणून वाहतूक पास मेअखेर उचलून घ्या, आणि रेती आणली की ताडपत्रीखाली ठेवा. नाहीतर पहिल्याच पावसात अर्धा ब्रास नालीत जातो.