पेरापेरातून

गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर परसातल्या तुकड्यात माठ, मुळा आणि वाल करायचे ठरवले आणि जमीन लवकर तयार व्हावी म्हणून भाड्याने पॉवर टिलर आणून दोनदा फिरवून घेतला. माती कशी भुसभुशीत झाली होती! वाफे पाडून रोज पाणी घालू लागलो, तेव्हा माठाच्या आधी वर आली ती हरळी, म्हणजे आपली दूर्वाच. आणि पूर्वी जी गडग्याच्या कडेपुरती होती, ती आता एकही वाफा न सोडता उगवली होती.

हरळीचा एक तंतू ओढून हातात घेतला की माझी चूक कोणालाही कळेल. जमिनीवरून सरपटणाऱ्या तिच्या बारीक, जांभळट खोडाला थोड्याथोड्या अंतरावर पेर असते आणि त्या प्रत्येक पेरातून खाली मुळे सुटतात, वर कोंब येतो. मातीखाली धावते ते पांढरे, खवल्यांनी झाकलेले आणि टोकाला अणकुचीदार. आपण त्याला मुळी म्हणतो, पण तेही खोडच असते. पेर शाबूत असलेला तुकडा ओलाव्यात पडला की त्याचे नवे रोप होते. म्हणजे टिलरच्या पात्यांनी मी हरळी काढली नव्हती, तिची लावणी केली होती, वर पैसे मोजून. दूर्वेच्या मंत्रात तिला कांडाकांडातून, पेरापेरातून वर येणारी म्हटले आहे, ते किती नेमके आहे हे मला वाफ्यात उकिडवे बसल्यावर पटले.

सायनोडॉन डॅक्टिलॉन या तिच्या शास्त्रीय नावात ग्रीकमधला कुत्र्याचा दात आहे आणि बोटही आहे. बोट का, ते तुरा पाहिल्यावर उमगते: दांड्याच्या टोकाशी तीन ते सहा बारीक कणसे पंजासारखी फाकलेली असतात.

तिचे दुखणे एकच, सावली. ही उन्हाची वनस्पती आहे. कडक उष्म्यात, जिथे इतर गवते मान टाकतात तिथेही ती तग धरते, पण नारळ-पोफळीच्या दाट वाडीत मात्र विरळ होत जाते.

यंदा टिलर आणला नाही. कुदळीने ढेकळे उलथून मुळ्या हाताने वेचल्या आणि त्या बांधावर न टाकता सड्यावरच्या कातळावर पसरून पार करकरीत वाळू दिल्या. जिथे फार दाट होती, तिथे रताळ्याचे वेल सोडले आहेत. गडग्याच्या कडेची हरळी तेवढी मुद्दाम ठेवली, कारण पावसात तिथली माती तीच धरून ठेवते आणि चतुर्थीला शेजारच्या काकी एकवीस जुड्यांसाठी तिथेच येतात. तिकडून वाफ्याकडे सरकलेला तंतू दिसला, की खुरपे घेऊन तेवढा मुळापर्यंत खणून काढतो.