तुम्ही विचारलंत म्हणून: बोक्याचा वर्षाचा खर्च

"वर्षाले किती खर्च येते वो त्या बोक्याले?" लग्नाच्या पंगतीत, बाजारात, बँकेच्या रांगेत, कुठंही विचारतात. विचारणाऱ्याला आकडा नको असतो. कापसाला भाव नाही आणि ही मांजरावर पैसा उडवते, हे माझ्याच तोंडून ऐकायचं असतं. तरी सांगते.

दूध-पोळीवर मांजर जगतं असं सासूबाई म्हणायच्या, मीही म्हणायचे. पण मांजराला टॉरिन नावाचं पोषक द्रव्य लागतं आणि घरच्या खाण्यात ते मुख्यतः मांस-मासळीतून मिळतं. कमी पडलं तर डोळे जातात, हृदय निकामी होतं. म्हणून सुकट, अंडी, कोंबडीचे तुकडे, महिन्याला सहा-सातशे. वर्षातून एकदा लसी, अधूनमधून जंताचं औषध. रेबीजच्या लसीवर मी कोणाशी वाद घालत नाही, घरात लेकरं आहेत. सगळं मिळून 10 हजार.

घरातली तूर, गहू उंदरांपासून वाचतात, हे उत्तर मी कितीतरी वर्षं दिलं. आता देत नाही. नुसता उंदरांसाठी पाळला असता तर त्या हिवाळ्यात नागपूरला नेला नसता.

वेचणी ऐन भरात होती. बोका सारखा रेतीत जाऊन बसायचा, जोर करायचा, थेंब येत नव्हता. पोटाला हात लावला की गुरगुरायचा. आत लिंबाएवढं टणक लागत होतं. गावात येणारे डॉक्टर बैल-शेळ्यांचे, पण त्यांनी बघताक्षणी सांगितलं, "लघवी तुंबली. बारीक नळी घालावी लागते, ती माझ्याकडे नाही. आजच न्या." बोक्याची मूत्रनळी अरुंद, त्यात खडे आणि चिकटा अडकतो. मग रक्तात पोटॅशियम वाढतं आणि दोन-तीन दिवसांत हृदय बंद पडतं.

घरात रोख होती ती कापूस वेचणाऱ्या बायांच्या हप्त्याच्या मजुरीची. दुसऱ्या दिवशी बाजार होता. गाडी, नळी, सलाईन, दवाखान्यातला मुक्काम, सगळी त्यातच गेली. बोका वाचला.

बायांना पैसे कापसाची गाडी गेल्यावर दिले. घेताना एक जण म्हणाली, "वहिनी, मांजराच्या गाडीले पैसे होते अन् आमच्या बाजाराले नव्हते?"

बाकी सगळ्यांना मी भांडून उत्तर देते. हिच्यापुढं तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर मात्र मनात हिशेब मांडला: हप्ता चार दिवस थांबू शकतो, तुंबलेली लघवी थांबत नाही. हिशेब बरोबर आहे. पण थांबायचं कोणी, हे मी ठरवलं होतं, आणि तिच्या घरी त्या आठवड्यात तेल-मीठ आलं की नाही, हे मी विचारलं नव्हतं.

पुन्हा तसं झालं तर आधी मजुरी देईन, असं तिला सांगितलंय. बोका रात्री तसाच ओरडायला लागला तर शब्द पाळेन का, छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. म्हणून आता कापसाच्या पहिल्या विक्रीच्या पट्टीतून 10 हजार त्याच्यासाठी वेगळे काढते. तेव्हा खर्च 20 हजार धरा.