दारातला काळा कोल्हा

आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला दाराजवळच्या कोनाड्यात आधी तोच दिसतो. पुढचे पाय पसरून बसलेला, काळाकुट्ट, कान टवकारलेला अनुबिस. पाणी पिऊन झालं की हळूच प्रश्न येतो, "अहो, हा इजिप्तचा मरणाचा देव ना? दारात कसा ठेवलात? आणि त्याच्या अंगावर हे फडकं कसलं?" एरवी मी "कैरोहून आणलाय" एवढ्यावर विषय मिटवते. पण तुम्ही विचारलंत म्हणून सगळं सांगते.

आधी हे, की तो मरण आणत नाही. माणूस गेल्यावर जे करायचं असतं, ते करतो. शवाला क्षार आणि तेलं लावून लिननच्या पट्ट्यांत गुंडाळायची विद्या त्याची, कबरींची राखणही त्याची. फार पूर्वी इजिप्तमध्ये वाळवंटाच्या कडेला उथळ खड्ड्यात पुरत आणि रात्री कोल्हे येऊन उकरत. म्हणून त्याच जनावराला राखणीला बसवलं, असं अभ्यासक मानतात. माझ्या आजोळी तान्हं मूल पुरलं की वर दगड रचून बाभळीच्या फांद्या टाकत, त्या कोल्ह्यांच्याच भीतीनं. त्यामुळे मला हे परकं वाटलंच नाही. खरा कोल्हा असतो पिवळसर. हा काळा, कारण मसाला लावलेलं शव काळं पडतं आणि नाईलचा गाळही काळा, ज्यात पीक येतं. तिथे काळा हा पुन्हा उगवण्याचा रंग आहे.

ब्रिटिश म्युझियममध्ये हुनेफर नावाच्या राजलेखनिकाचा पपायरस आहे, साधारण ३,३०० वर्षांपूर्वीचा. त्यातलं निवाड्याचं चित्र मी किती वेळा पाहिलं असेल, मोजदाद नाही. डाव्या टोकाला अनुबिस पांढऱ्या वस्त्रातल्या हुनेफरचा हात धरून त्याला तराजूकडे आणतोय. एका पारड्यात हुनेफरचं काळीज, दुसऱ्यात मात या सत्याच्या देवीचं पीस. काळीज जड भरलं तर ते गिळायला मगरीच्या तोंडाची अम्मित टपून बसलीय, आणि लेखनाचा देव थोथ लेखणी घेऊन निकाल लिहायला उभा आहे. तराजूखाली पुन्हा अनुबिस. खाली बसून काटा नीट आहे ना ते बघतोय. ज्या देवाला आपण मरणाचा म्हणतो, त्याचं काम एवढंच. हात धरून न्यायचं, आणि वजनात फसवणूक होऊ द्यायची नाही.

आमच्या आळीत एक काका होते. कुणी गेलं की न बोलावता यायचे. बाबा गेले तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. आई आणि आम्ही दोघी बहिणी नुसत्या बसून होतो. काका आले, बाह्या दुमडल्या, बाबांचे डोळे मिटले, हनुवटीखालून रुमाल बांधला, पायाचे अंगठे जुळवले. उजाडायच्या आत अंगणात बांबू, कामट्या, सुतळी, मडकं, सगळं हजर. तिरडीची प्रत्येक गाठ ते दोनदा ओढून बघत होते. बाबांना अंघोळ घालताना तांब्यातलं पाणी त्यांनी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून पाहिलं, फार कढत नाही ना म्हणून. ते मी कधी विसरणार नाही.

या माणसाला आळीतल्या लग्नकार्यात कुणी पुढे बोलवत नसे. सकाळी समोर आले तर लोक तोंड फिरवत. लहानपणी मीही त्यांना बघून रस्ता बदलायचे, आणि त्याची बोचणी मला आजही आहे. काका गेले तेव्हा मी गावात नव्हते. त्यांची तिरडी कुणी बांधली, तेही मला ठाऊक नाही.

बाबा गेल्यानंतर चारेक वर्षांनी आम्ही कैरोला गेलो. हॉवर्ड कार्टरनं १९२२ मध्ये तुतनखामुनची कबर शोधली, तिच्यातला लाकडी अनुबिस तिथल्या संग्रहालयात होता. अंगाला काळी राळ, कानांच्या आत सोनं, चांदीची नखं, आणि बसायला सोन्यानं मढवलेली पेटी. कबरीत तो आतल्या एका दालनाच्या दारातच बसवलेला होता, पाठीमागे राजाच्या शरीरातले अवयव ठेवलेली पेटी. हॅरी बर्टननं तेव्हा काढलेल्या फोटोत तो जवळजवळ पूर्ण झाकलेला दिसतो. त्याच्या अंगावर लिननचं वस्त्र होतं, शालीसारखं लपेटलेलं. त्या वस्त्रावर शाईनं अखेनातेनच्या कारकिर्दीचं सातवं वर्ष लिहिलंय. म्हणजे राजाच्या कबरीत ठेवताना कुणीतरी जुनं, आधीच्या कारकिर्दीतलं कापड काढून या कोल्ह्याच्या अंगावर घातलं. इतक्या सोन्यानाण्यात मला ते कापडच लक्षात राहिलं.

दुसऱ्या दिवशी खान अल-खलीलीच्या बाजारात नकला बघितल्या. पीळदार दंडांचा, हातात भाला घेतलेला अनुबिस तिथे शेल्फंच्या शेल्फं भरून होता. त्याला अगदीच आधार नाही असं नाही. अलेक्झांड्रियाच्या कोम अल-शुकाफा भुयारात रोमन काळातला शिपायाच्या वेशातला अनुबिस कोरलेला आहे. पण मला तो नको होता. मला राखण करणारा हवा होता. शेवटी हा सापडला, हातभर लांबीचा. दुकानदार दगडाचा म्हणाला. हातात घेतल्यावर दगडासारखा गारवा लागला नाही, आणि उजव्या कानामागे साच्याची बारीक शिवण आहे, बोट फिरवलं की कळते. भुकटी मिसळलेलं रेझिन साच्यात ओतून करतात, त्यातला हा. तरीही घेतला, कारण कान आणि मान बरोबर साधली होती.

बाजारातल्या बहुतेक नकलांना कापड नसतं. गळ्याशी सोनेरी पट्टा रंगवला की झालं. घरी आणल्यावर मी बाबांचा एक जुना पंचा काढला, कडेची लाल किनार ठेवून त्याचा तुकडा कापला आणि याच्या पाठीवरून घेऊन गळ्याशी गाठ मारली. तेच ते फडकं. याची पूजा मी करत नाही, तो देवघरातही नाही. महिन्यातून एकदा तेवढा पंचा धुते, सावलीत वाळवते आणि परत घालते. गाठ मारली की एकदा ओढून बघते.