दोरी ओढली आणि दशक सुटं झालं

डंडीत येऊन मला आता दुसरं वर्ष लागलं. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, टे नदी समुद्राला मिळते तिथलं हे शहर. इचलकरंजीत जसे माग, तसे इथे काँप्युटर गेम. १९८२ साली बाजारात आलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती काँप्युटर इथल्या टाइमेक्सच्या कारखान्यात जोडला जायचा. ‘लेमिंग्ज’ हा गेम १९९१ मध्ये इथेच तयार झाला, आणि त्यातल्या चिमुकल्या प्राण्यांचे पुतळे आजही पर्थ रोडला दिसतात. १९९७ पासून तर इथल्या अ‍ॅबर्टे विद्यापीठात गेम बनवण्याची पदवीच मिळते.

यंदा आमच्या कॉलेजच्या स्पर्धेला विषय होता प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी गणिताचा गेम. पाच जणांची टीम, हातात सहा आठवडे. व्हर्डंट वर्क्स ही जुनी तागाची गिरणी आता संग्रहालय आहे, तिथे आम्ही सगळे जाऊन आलो. बंगालमधून बोटीने आलेला ताग देवमाशाच्या तेलाने मऊ करून इथे कातत, विणत. अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस गिरणी, अशी मुलंही तेव्हा कामाला असायची. ते वाचताना पोटात कालवलं. त्याच शहरातल्या आजच्या मुलांसाठी तागाच्या धक्क्यावर खेळायची जागा करावी, असं तिथेच ठरलं.

पहिला प्रोटोटाइप दिसायला देखणा होता. धक्का, क्रेन, बोट. मध्येच गणित यायचं, खाली चार उत्तरं, बरोबर उत्तर दाबलं की बोट पुढे. एका शाळेत सात-आठ वर्षांच्या मुलांना तो खेळायला दिला. दहा मिनिटांत त्यांनी शोधून काढलं की चारही बटणं भराभर दाबली तरी बोट सुटते. मग आम्ही वेळेचं बंधन घातलं. पुढच्या खेपेला एका मुलाने काटा फिरताना पाहिला आणि टॅब्लेट शांतपणे टेबलावर पालथा ठेवला. मला त्या रात्री झोप लागली नाही. गणित आम्ही टोलनाक्यासारखं रस्त्यात उभं केलं होतं, खेळात ते कुठेच नव्हतं.

आईला फोन लावला. ती भोर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते. माझं सगळं ऐकून तिने विचारलं, “तुमच्या गेममध्ये हातचा कुठंय गं?” आणि वर्गातल्या काड्यांचा फोटो पाठवला. दहा काड्या, वर रबर, एक दशक.

प्रश्न-उत्तरं आम्ही काढून टाकली. आता धक्क्यावर तागाच्या सुट्या लडी पडलेल्या असतात. दहा लडी दोरीने बांधल्या की एक गठ्ठा. क्रेन फक्त गठ्ठे उचलते, सुट्या लडी हाताने ठेवायच्या. बोटीत बावन्न लडी आहेत आणि सतरा उतरवायच्या आहेत, तर एक गठ्ठा सहज उतरतो. पण पुढे सात हव्यात आणि सुट्या फक्त दोनच. इथे गठ्ठा सोडवावाच लागतो.

त्यासाठी आम्ही कोपऱ्यात एक बटण दिलं होतं. शाळेतली एक मुलगी तिथे अडली. बटणाकडे तिचं लक्षच नव्हतं. तिने गठ्ठ्यावर दोनदा बोट आपटलं, मग स्क्रीनवर दिसणाऱ्या दोरीच्या टोकावर बोट ठेवून ते खाली ओढलं. काहीच झालं नाही. पुन्हा ओढलं. आमचा प्रोग्रॅमर माझ्याशेजारी उभा राहून तिचं बोट पाहत होता. त्याच रात्री त्याने बटण उडवलं आणि दोरी ओढली की सुटेल असं केलं. पुढच्या आठवड्यात तिने दोरी ओढली, दहा लडी धक्क्यावर घरंगळल्या, आणि ती त्यातल्या पाच मोजून उचलायला लागली. हातचा हा शब्द कुणी उच्चारलाही नव्हता.

स्पर्धेत आम्ही तिसरे आलो. माझं मन मात्र मराठी आवृत्तीत अडकलं होतं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! इथल्या गेलिक भाषेतही दोन पद्धती आहेत. जुनी विसांची, नवी दहांची, आणि शाळेत नवी शिकवतात. टीममधल्या एकाची आजी साठला ‘तीन विसा’ म्हणते, अगदी माझ्या पणजीसारखी.

आईने आकड्यांची नावं रेकॉर्ड करून पाठवली, जुनी आणि नवी दोन्ही. एकोणतीसपाशी मी थांबले. मूल ‘तीस’ ऐकणार आणि तीन गठ्ठे उचलणार, हे उघड होतं. आईला म्हटलं, इथे सगळे चुकतील.

“उचलू दे की तीन,” ती म्हणाली. “मग एकाची दोरी ओढायला सांग आणि त्यातली एक लड बाजूला ठेवायला लाव. उरेल ते एकोणतीस.”