उजवा पाय मागे

शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा

लेक आज जेवला नाही. कोचने त्याला अमेरिकन फुटबॉलच्या संघात लेफ्ट टॅकलवरून राइट टॅकलला हलवलंय, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या रांगेच्या डाव्या टोकावरून उजव्या टोकाला. "एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेलास, एवढंच ना?" असं मी म्हटलं आणि त्याचा चेहरा उतरला. मिशिगनला येऊन इतकी वर्षं झाली, पण माझं फुटबॉल म्हणजे चेंडू कुठे गेला, एवढंच.

मग त्यानेच ओट्यापाशी वाकून दाखवलं. डावीकडे खेळताना डावा हात जमिनीला, डावा पाय मागे. स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू झाला, की डाव्या पायाने मागे सरकायचं, उजवा त्याच्यामागोमाग. उजवीकडे गेलं की सगळं आरशातल्यासारखं उलटं. अंगावर धावून येणारा मात्र थांबत नाही. पाऊल अर्धा क्षण चुकलं की क्वार्टरबॅक आडवा.

"पेनेई सूएललाही हेच करावं लागलं," म्हणाला आणि खोलीत निघून गेला.

भांडी तशीच ठेवून मी वाचत बसले. हा सूएल म्हणजे व्यावसायिक फुटबॉलमधला टॅकल; २००० साली अमेरिकन सामोआत जन्मला. २०१२ मध्ये घरचे सगळे युटातल्या सेंट जॉर्जला आले. २०१८ मध्ये ओरेगन विद्यापीठात पहिल्याच वर्षी लेफ्ट टॅकल, आणि त्याच मोसमात घोटा दुखावल्याने सहा सामने बाहेर. पुढच्या वर्षी मात्र आउटलँड ट्रॉफी! देशातल्या कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम लाइनमनला (समोरासमोरच्या रांगेतल्या खेळाडूला) मिळणारा मान, आणि हा तेव्हा दुसऱ्या वर्षाला. २०२०चा मोसम त्याने कोरोनामुळे सोडला. म्हणजे कॉलेजात पुरते दोन मोसमही नाहीत. तरी २०२१च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, आपल्या डेट्रॉइट लायन्स संघाने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं.

आणि इथे आल्यावर सांगितलं, उजवीकडे खेळ.

वीस वर्षांचं पोर ते. ज्या बाजूने नाव कमावलं तीच काढून घेतली. सरावात अडखळला, तर लोक लगेच बोलायला लागले. मोसम सुरू होताना डावीकडच्या खेळाडूचं बोट दुखावलं, म्हणून याला परत डावीकडे. तो बरा झाल्यावर पुन्हा उजवीकडे. हे वाचताना मला फार वाईट वाटलं. लाइनमनच्या नावापुढे ना टचडाउनचे गुण, ना पुढे नेलेले यार्ड. होल्डिंग केलं, म्हणजे समोरच्याला धरून ठेवलं, की तेवढा नंबर पुकारतात आणि संघ दहा यार्ड मागे.

मग त्याचे व्हिडिओ लावले. पहिल्यांदा सवयीने चेंडूच पाहिला. दुसऱ्यांदा चेंडू सोडून फक्त ५८ नंबरचे पाय पाहिले. एकच डाव सात-आठ वेळा. दीडशे किलोंच्या घरातला माणूस, पण पाऊल जमिनीवरून जेमतेम उचलतो, मांडीतला वाक मोडत नाही, समोरचा वळला की हाही तेवढाच वळतो. २०२३ आणि २०२४, दोन्ही मोसमांत तो राइट टॅकल म्हणूनच ऑल-प्रोच्या, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात आला. उजवीकडूनच!

अकराच्या सुमारास लेक खाली आला. झाकून ठेवलेला वरणभात गरम न करताच ओट्यापाशी उभ्याउभ्या खायला लागला. मी काही बोलले नाही. माझं लक्ष खाली गेलं. उजवा पाय मागे होता.